छऱ्याची बंदूक घेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला सभासद बाईने आपल्याला ठाऊक असलेल्या एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. कोणी लोणच्याविषयी बोलते, कोणी बाळंतिणीच्या आहाराविषयी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि माझा विषय असा की कार्यक्रमपत्रिकेत तो वाचून काहीजणींनी तोंडाला पदर लावला. पण भगिनींनो, गेल्या वर्षभरात आपल्या आळीत तीन घरांनी छऱ्याची बंदूक घेण्याचे मनात आणले, आणि तिन्ही घरी पैसे मोजायची वेळ आली तेव्हा शेवटी बाईलाच विचारले गेले. शिलाई मशीन घेताना आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. मग ही वस्तू डोळे मिटून का घ्यावी? म्हणून मी जे विचारले, पाहिले आणि हाताने अनुभवले ते सांगते.

आमच्या घरी एकाच बंदुकीसाठी दोन मागण्या होत्या. मुलगी अकरावीत आहे. तिला नेमबाजी शिकायची आहे. धाकट्या भाऊजींचे कारण निराळे. घरामागे आमची परसबाग आहे. पपई, पेरू, लिंबू, वालाचा वेल, आणि कुंपणापलीकडे दोन एकर तूर. मालेगाव तालुक्यात राहणाऱ्या बाईला वानरांविषयी मी काय सांगावे! सकाळी टोळी येते, चार पपया खाते आणि चौदा पाडते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एक बंदूक घेऊन द्या, मंग पाहा, एकबी वांदर इकडे फिरकत नाही." पैसे माझे होते, पापड-कुरडयांचे, तीन उन्हाळ्यांत साठलेले. म्हणून मी म्हटले, "भाऊजी, आधी चौकशी, मग खरेदी."

पहिली चौकशी वनखात्याच्या कचेरीत केली, आणि तिथेच निम्मा विषय निकालात निघाला. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. 2022 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. आपल्या शेतात नि परसात जे जे येते, म्हणजे वानर, रोही, हरीण, रानडुक्कर, मोर आणि आपला हिरवा पोपटसुद्धा, ते सगळे या कायद्याच्या आसऱ्याला आहेत. मोर तर पहिल्या यादीतला. त्याला मारले तर तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. छरा मारून जखमी केले तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच. "मारले नाही हो, नुसते भेडसावले," हे म्हणणे पाखराच्या अंगात छरा सापडल्यावर टिकत नाही.

कायदा बाजूला ठेवू. साडेचार मिलिमीटरचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छरा वानरासारख्या जनावराला ठार करीत नाही. तो कातडीत शिरून बसतो. जखम चिघळते, माशा बसतात, आणि ते मुके जनावर आठ-पंधरा दिवस आपल्याच आंब्यावर बसून कण्हत मरते. सासूबाईंनी हे ऐकले आणि एवढेच म्हणाल्या, "मारुतीच्या देवळात मंग कोन्या तोंडानं जायाचं?" भाऊजी गप्प बसले. मला वाटते, कायद्यापेक्षा ते वाक्यच जास्त लागले.

आता राहिल्या उंदीर आणि घुशी. परसातली खरी नासधूस पुष्कळदा यांचीच असते. परंतु घूस निघते अंधार पडल्यावर, ती दगडाच्या नि भिंतीच्या कडेने पळते, आणि आपल्याकडे त्याच वेळी शेजारीण भांडी घासायला मोरीवर बसलेली असते. दगडावर आपटलेला छरा उलटा फिरतो. कुठे जाईल त्याचा नेम नाही. घुशीला पिंजरा बरा. त्यात शेंगदाण्याच्या कुटाची गोळी ठेवावी आणि बिळाच्या तोंडाशी लावावा.

वानरांसाठी आम्ही काय केले, असे तुम्ही विचाराल. पपईच्या घडांना जुन्या साडीचे तुकडे गुंडाळले, पेरूवर जाळी घातली, आणि फळे पिकण्याच्या दिवसांत सकाळी दोन तास कोणीतरी डबा वाजवीत बसायचे असा पाळीचा नेम केला. टोळी येत नाही असे नाही. पण टिकत नाही. शेतातल्या पिकाचे रोही, डुक्कर, माकड यांनी नुकसान केले तर वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी अर्ज लगेच, शक्य तर त्याच दिवशी द्यावा आणि पंचनामा झाल्याशिवाय मोडलेले पीक उचलू नये. पुष्कळ लोक शेत आधी साफ करतात आणि मग कचेरीत जातात. तिथे दाखवायला काही उरत नाही.

जाता जाता एक गोष्ट. प्लास्टिकच्या नळीत कार्बाइड आणि पाणी घालून जो आवाजाचा बार करतात, तो माकडांसाठी म्हणून बाजारात मिळतो. त्याला बंदुकीपेक्षा निरुपद्रवी समजू नका. 2025 च्या दिवाळीत भोपाळकडे याच नळीने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. आमच्या घरी तिला मज्जाव आहे.

एवढे झाल्यावर बंदूक घ्यायचीच नाही, असेही माझ्या मनात आले होते. पण मुलीची मागणी शिल्लक होती, आणि ती मला रास्त वाटली. आपल्या महाराष्ट्राच्या मुलींनी या विद्येत काय केले आहे ते आठवा. मुंबईच्या अंजली भागवत 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि 2002 साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल खेळांत त्यांनी चार सुवर्णपदके घेतली. सुमा शिरूर 2004 साली अथेन्सला अंतिम फेरीत होत्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. त्यांची बंदूक मात्र छऱ्याची नव्हे, काडतुसाची. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोला दहा मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला. पूर्वी या खेळात पुरुषांना 60 नेम आणि बायकांना 40 असत. 2018 पासून बायकांनाही 60 झाले. ही गोष्ट मला फार आवडली.

हा खेळ किती बारीक आहे, तेही ऐका. दहा मीटरवर जो कागद लावतात त्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. स्पर्धेच्या बंदुका परदेशी असतात, त्यांची किंमत लाखांच्या घरात जाते. ती आपली गोष्ट नव्हे. पण उभे राहणे, श्वास धरणे, चाप हळू ओढणे हे सगळे मध्यम किमतीच्या बंदुकीवर शिकता येते.

आता खरेदीची गोष्ट.

बाजारात ढोबळ तीन प्रकार दिसतात. दोन-चार हजारांची साधी बंदूक, जत्रेत फुगे फोडायला असते तशी. तिची नळी सैल, माशी वाकडी; तिच्यावर नेम शिकणे म्हणजे वाकड्या पट्टीने रेघ शिकणे. दुसऱ्या टोकाला हवा आधी भरून ठेवायची बंदूक. ती मारायला अत्यंत सौम्य आणि अचूक, पण पंचवीस-तीस हजारांच्या पुढे, आणि तिला हवा भरायचा पंप वेगळा. तो पंप सायकलचा नव्हे. सायकलच्या चाकात असते त्याच्या कितीतरी पटीने दाब त्यात लागतो, आणि मारताना चांगला गडीमाणूस घामाघूम होतो. या दोहोंच्या मध्ये आठ ते पंधरा हजारांपर्यंतची स्प्रिंगची बंदूक येते. नळी मधून मोडायची, त्याने आतली स्प्रिंग दाबली जाते, छरा ठेवायचा, नळी मिटवायची. वीज नको, पंप नको, आणि बिघडली तर दुरुस्त करणारा सापडतो. जुन्या लोकांना 'नॅशनल' नावाची बंदूक आठवत असेल. ती सिमेंटचे नळ करणाऱ्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीची. तसल्या बंदुका अजून काही घरांत माळ्यावर पडलेल्या आहेत, आणि स्प्रिंग बदलली की चालतात.

परवान्याचे सांगते. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचे छिद्र साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि जोर 20 ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. याहून मोठे छिद्र किंवा जास्त जोर असला की परवाना हवा. म्हणून साडेपाच मिलिमीटरची बंदूक कोणी "बिनपरवाना चालते" म्हणून देऊ लागला तर उठून यावे. दुकानदाराने ओळखपत्र मागितले, वहीत नाव लिहिले तर राग मानू नये. उलट जो काहीच विचारत नाही त्याच्याकडून घेऊ नये. आणि पक्की पावती घ्यावी. ती पावती मी रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवली आहे.

अकोल्याला एका दुकानात गेलो. (नाव सांगत नाही.) तो माणूस सांगू लागला, "बाई, हिचा छरा सेकंदाला हजार फूट जातो!" हे आमचे खूष झाले, भाऊजी त्याहून खूष. मुलीने पिशवीतली वही काढली आणि तिथल्या तिथे गणित मांडले. नेहमीचा शिशाचा छरा साधारण 0.52 ग्रॅमचा. तो हजार फुटांनी, म्हणजे सेकंदाला 305 मीटरने गेला तर जोर 24 ज्यूल होतो. मग ती बिनपरवाना कशी? दुकानदार जरा वेळाने म्हणाला, तो आकडा हलक्या छऱ्याचा आहे. 0.35 ग्रॅमचा हलका छरा धरला तर जोर 16 ज्यूलच्या आसपास येतो, तेव्हा ते खरे असू शकेल. पण असा हलका छरा नेमाला चांगला नाही. एकंदरीत काय, डब्यावरचा वेगाचा आकडा म्हणजे साबणाच्या वडीवरचे "आता 20 टक्के जादा" आहे. त्यावर जाऊ नये.

बाईने पाहायची खरी गोष्ट आहे नळी मोडायला लागणारा जोर. हे पुरुषांच्या ध्यानात येत नाही आणि दुकानदार सांगत नाही. मी रद्दीवाल्याकडचा हुकाचा काटा मागून नेला होता. नळीचे तोंड उघडून तिच्या टोकाला दोरीचा फास लावायचा आणि काट्याने ओढायचे. ज्या बंदुकीची सगळे स्तुती करीत होते तिला 16 किलो लागले. दुसरी 11 किलोत मोडली. एकदा मोडायला 16 किलो काहीच नाही, पाण्याची घागर आपण रोज उचलतो. पण सरावाला बसले की पन्नास-साठ वेळा मोडावी लागते, आणि चाळिसाव्या वेळी हात कापू लागला की नेम कसला लागणार? कमी जोराच्या बंदुकीला धक्काही कमी, त्यामुळे शिकणाऱ्याचा छरा जागेवर बसतो. दहा मीटरवरच्या कागदाला जास्त जोराचे कामच नाही.

नळी मोडताना आणि छरा ठेवताना एक हात नळीवरून कधीही काढू नये. चाप चुकून सुटला तर नळी फटकन मिटते आणि बोटे सापडतात. तराफा सुटलेल्या मोटेसारखी, असे सासरे म्हणाले. मोट आता कोणी पाहिली आहे, पण ज्यांनी पाहिली त्यांना कळेल.

दस्ता खांद्याला लावून पाहावा. आपल्या बायकांना पुष्कळ बंदुकांचा दस्ता लांब होतो. मान पुढे काढावी लागते आणि डोळा खाचेच्या रेषेत येत नाही. वजन तीन किलोच्या आसपास असले तर बरे. पुढची माशी आणि मागची खाच, दोन्ही लोखंडाच्या असाव्यात आणि मागची खाच खालीवर व डावीउजवी फिरणारी असावी. दुर्बीण बरोबर फुकट देतो म्हणाला तरी भुलू नये. स्प्रिंगची बंदूक मागेही झटका देते आणि पुढेही, त्याने साधी दुर्बीण महिन्याभरात खिळखिळी होते. शिकणाऱ्याने उघड्या नजरेनेच शिकावे.

दुकानात पाच छरे मारून पाहू द्या म्हणावे, आणि बंदूक कशावर तरी टेकवून पाचही एकाच ठिकाणी नेम धरून मारावेत. ते मधोमध लागले की नाही याला महत्त्व नाही, ते स्क्रूने जुळते. ते एकमेकांजवळ लागले की नाही, ते पाहायचे. रुपयाच्या नाण्याखाली पाचही भोके झाकली गेली तर बंदूक चांगली. आम्ही घेतली तिची चार झाकली गेली आणि एक काठावर. मारणारी मुलगी नवखी होती, म्हणून ते चालवून घेतले.

छरे दोन तऱ्हेचे घ्यावेत. छरा डमरूच्या आकाराचा असतो, कंबर बारीक. सपाट तोंडाचा कागदाला उत्तम, पंचने पाडल्यासारखे गोल भोक पडते. गोल तोंडाचा जरा लांबवर सरळ जातो. टोकदार दिसायला भारी, पण नेमाला तितका नाही. छरे शिशाचे असतात. पोरे ते तोंडात धरतात, ते अजिबात करू देऊ नये, आणि सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावू नये.

आणखी एक घरगुती गोष्ट. करकर वाजू लागली की आपल्याला शिलाई मशीनचे तेल आठवते. ते बिजागरीला एक थेंब चालेल. आतल्या हवेच्या भागात घालू नये. दाबाने ते पेटते, मोठा आवाज होतो आणि आतले वायसर जळते. तसेच छरा न घालता चाप ओढू नये, त्याने आतला दट्ट्या आपटून फुटतो. पाहुण्यांची मुले नेमके हेच करतात.

पाहुण्यांच्या मुलांवरून मुख्य गोष्टीवर येते. ही खेळण्यातली वस्तू नव्हे. जवळून मारलेला छरा तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून आरपार जातो. मग डोळ्याचे काय? आमच्या घरी बंदूक ट्रंकेत कुलपात असते, छरे धान्याच्या खोलीत वेगळे, आणि किल्ली माझ्या कमरेला. भाऊजींनी किल्ली मागितली तर कशाला ते विचारते. नेमाचा कागद गोठ्यामागच्या मातीच्या बांधाला लावतो. पुढे लाकडी खोके, त्यात वीतभर जुनी रद्दी घट्ट भरलेली आणि पाठीशी लोखंडी पत्रा. विटेच्या भिंतीवर किंवा बाभळीच्या खोडावर मारू नये, छरा उलटून येतो. मारणाऱ्याने आणि जवळ उभे राहणाऱ्यांनीही चष्मा लावावा. वेल्डिंगवाले वापरतात तो पारदर्शक चष्मा चालतो, शंभर-दीडशेला मिळतो.

पक्ष्यांविषयी एक ऐकलेली गोष्ट सांगावीशी वाटते. पक्ष्यांचे मोठे जाणकार डॉक्टर सलीम अली मुंबईचे. 1896 चा जन्म. लहानपणी मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली, तिच्या गळ्याला पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, असे मामांना विचारले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठविले, आणि तिथून त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. पुढे आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवले. भाऊजींनी ही गोष्ट ऐकून लगेच म्हटले, "पाहा, बंदूक नसती तर एवढा मोठा माणूस झाला असता काय?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ते दिवस वेगळे होते आणि तेव्हा चिमण्याही पुष्कळ होत्या. अरुणाचल प्रदेशात घरोघरी अशा बंदुका होत्या आणि रानातली पाखरे संपत चालली, म्हणून 2021 च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने लोकांना बंदुका आपण होऊन जमा करा, अशी हाक दिली. दोन हजारांच्या वर बंदुका लोकांनी आणून दिल्या. आपल्या कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट आहेत ते कोणीतरी राखले म्हणूनच आहेत.

भाऊजींचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. ते अजून म्हणतात, एवढे हजार घातले आणि वांदर तर येतेच. मी त्यांना पपईच्या साड्या बांधायला शिडीवर चढवते. मात्र रविवारी मुलीबरोबर तेही दहा छरे मारतात, आणि त्यांचा नेम तिच्यापेक्षा वाईट आहे हे त्यांना फार लागते.

मुलगी आता टेकवून न मारता उभ्याने मारू लागली आहे. पाच छऱ्यांतले तीन काळ्या भागात येतात. काळा भाग साडेतीस मिलिमीटरचा, बांगडीच्या निम्म्याएवढा. ज्यांना आपल्या मुलीसाठी पाहावयाचे असेल त्यांनी रविवारी चार वाजता गोठ्यामागे यावे. लहान मुलांना घरी ठेवून यावे, आणि चष्मे आमच्याकडे दोनच आहेत, तेव्हा दोघी-दोघींनी यावे. हुकाचा काटा ज्यांना दुकानात न्यायचा असेल त्यांना मी देईन. रद्दीवाल्याला विचारून ठेवले आहे.